लोंढ्याचं भात खातं कोण?

लोंढ्याचं नाव काढलं की लोक विचारतात, "म्हणजे ते जंक्शन?" होय, तेच. गोव्याची लाईन इथून फुटते. गाडी थांबली की प्रवासी उतरतात, चहा घेतात, पावसाला चार शिव्या घालतात आणि पुढं जातात. या जंगलात एवढं मोठं स्टेशन आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची लाखो माणसं अन्नावाचून मेली. धान्य एका मुलखात आणि उपाशी माणसं दुसऱ्या मुलखात, मधे वाहतूक नाही. त्यानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे निघाली, ती दुष्काळी रेल्वे म्हणूनच. १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडची लाईन चालू झाली आणि लोंढा नकाशावर आलं. म्हणजे हे गाव अन्नाच्या वाहतुकीतूनच मोठं झालेलं. आज दीडशे वर्षांनीही इथून अन्न जातंच आहे. त्यातलं आमच्या ताटात किती उरतं, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या गल्लीत डिसेंबरात भाताची पोती ट्रॉलीवर चढतात आणि त्याच आठवड्यात रेशनच्या तांदळाच्या पिशव्या घरात येतात. जाणारं भात आमच्या मातीतलं. येणारा तांदूळ कुठल्या राज्यातला, हे दुकानदारालाही माहीत नसतं. रेशनबद्दल माझी तक्रार नाही, ते नसतं तर कितीतरी चुली विझल्या असत्या. पण गंमत बघा. २०२३ साली कर्नाटकाच्या अन्नभाग्य योजनेत माणशी पाच किलो तांदूळ जादा द्यायचं सरकारनं ठरवलं आणि तांदूळच मिळेना. शेजारच्या राज्यांकडं विचारणा झाली, केंद्राशी भांडण झालं, शेवटी तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे पैसे खात्यावर आले. २०२५ च्या फेब्रुवारीपासून पुन्हा तांदूळ सुरू झाला. या सगळ्या काळात खानापूर तालुक्यातलं भात व्यापाऱ्याच्या काट्यावर जातच होतं.

मी या गावची सून. माहेर निपाणीच्या बाजूचं, तंबाखूच्या मुलखातलं. शेंडे खुडताना आणि फुटवे काढताना हाताला काळा चिकट थर बसायचा. तो साबणानं निघत नसे. त्या हातानं भाकरी मोडली तर घास कडू लागायचा. दव पडलेल्या पानांत सकाळी काम केलं की मळमळायचं, डोकं गरगरायचं. आई म्हणायची, पित्त झालंय, लिंबू चोख. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं आणि त्यानं माणूस आजारी पडतं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. वखारीतल्या बायकांचं तर विचारूच नका. दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसून काम, तोंडाला पदर आणि रात्रभर खोकला. अनिल अवचटांनी या बायकांवर लिहिलं म्हणून पुण्या-मुंबईला त्या कळल्या.

मी शाळेत होते तेव्हा निपाणीचं आंदोलन झालं. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं महामार्गावर ठाण मांडलं. बैलगाड्या, बायका-पोरं, भाकरीची गाठोडी, सगळं रस्त्यावर. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. मागणी काय होती? तंबाखूला भाव. प्रत व्यापारी ठरवणार, वजन त्याचं, पैसे देणार तोही त्याच्या सवडीनं.

म्हणून आजकालच्या शाश्वत शेतीच्या सभांना गेलं की मला एक गोष्ट खटकते. तिथं गांडूळ असतं, देशी गाय असते, नाचणीची बिस्किटं असतात. भाव नसतो. मंचावरचे पाहुणे मातीच्या आरोग्यावर तासभर बोलतात आणि ती माती राखणाऱ्याला किलोमागं किती मिळाले, हे विचारायला विसरतात. माझं म्हणणं सरळ आहे. विष न घालता पिकवलं, पण भाव दुसऱ्याच्याच हातात राहिला, तर ती शेती एका पिढीच्या वर टिकत नाही. पोरगं हुबळीला नाहीतर वेर्ण्याच्या कारखान्यात जातं आणि शेत पड पडतं.

माहेरी आता तंबाखू कमी झाला, ऊस आणि सोयाबीन वाढलं. उसानं पैसा दिला आणि पाणी पिऊन टाकलं. पण तिथंच, बेडकिहाळला, सुरेश देसाई नावाच्या शेतकऱ्यानं उसात वेगळी वाट काढली. पाचट पेटवायचं नाही, सरीत तसंच कुजू द्यायचं. पाणी प्रत्येक सरीला न देता एक सरी सोडून द्यायचं. पाचटाखालची जमीन ओल धरते, त्यामुळं पाणी कमी लागतं आणि खताचा खर्च घटतो. बाकी शिवारात तोडणी झाली की अजून काडी लावतात. संध्याकाळी सगळं आभाळ काळं होतं, दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी.

आता लोंढ्याकडं वळते. आमचा भाग मलनाडाचा. पावसाळ्यात दोन-दोन महिने सूर्य दिसत नाही. पीक एकच, भात. वरच्या वरकस जमिनीत थोडी नाचणी, कुंपणाला काजू आणि फणस. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी बासमती लावायचे. देहरादूनची नव्हे, आमची बेळगाव बासमती. फुलोऱ्यावर आली की बांधावरून जाणाऱ्याला वास यायचा, आणि शिजवली तर शेजारीण विचारायची, आज पाहुणे कोण? ती उंच वाढते, वाऱ्या-पावसात लोळते, एकरी उतारा कमी. मग इंटाण आलं, मूळचं इंडोनेशियाकडचं. त्यामागून बुटकी संकरित वाणं आली. पोती वाढली हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण बुटक्या भातानं एक गोष्ट नेली, ती म्हणजे पिंजर. उंच भाताचं पिंजर पुष्कळ निघायचं, वर्षभर जनावरांना पुरायचं. पिंजर कमी झालं, ट्रॅक्टर आला, तसे गोठ्यातले बैल गेले, मागोमाग म्हशी कमी झाल्या. जनावर गेलं की शेण गेलं. शेण गेलं की युरियाचं पोतं आलं. आमच्या खेड्यांत कुणी हौसेनं रासायनिक शेतीकडं गेलं नाही, अशा पायऱ्या उतरत गेलं. आत्याबाई जंगलातून पातेरा झाडून आणायच्या, गोठ्यात अंथरायच्या. तो शेणामुतात कुजला की उन्हाळ्यात शेतात पडायचा. आता पातेरा आणायला माणूस नाही आणि गोठ्यात जनावर नाही. सेंद्रिय शेतीचं शिबिर घेणाऱ्यांनी आधी गावात गुरं किती उरलीत ते मोजावं, मग बोलावं.

जीवामृत आम्हीही करतो. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची ही रीत. एम. डी. नंजुंडस्वामींच्या रयत संघानं ती कर्नाटकात गावोगाव नेली. पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. कृती सोपी आहे. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती, म्हणजे जिथं कधी औषध पडलेलं नाही तिथली. सावलीत ठेवायचं, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. दुसऱ्या दिवशी वर फेस धरतो, आंबूस वास येतो आणि पोरं नाक धरून पळतात. दोन दिवसांनी एका एकराला पाण्यातून सोडायचं. यात खत म्हणावं असं थोडंच असतं. गूळ आणि पीठ खाऊन शेणातले जिवाणू वाढतात आणि ते मातीतलं अन्न मुळांना सोडवून देतात, असा त्यामागचा विचार.

उपयोग होतो का? माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. माती भुसभुशीत होते, गांडुळं दिसू लागतात, बांधाच्या कडेला खेकडे परत आले. पण पहिली दोन-तीन सालं उतारा खाली जातो. ती सालं कुणाच्या जिवावर काढायची, याचं उत्तर शिबिरात मिळत नाही. आणि या रीतीचं 'झिरो बजेट' हे नाव ऐकून मला हसू येतं. गूळ विकत, पीठ विकत, आणि पिंप ढवळणाऱ्या बाईची मजुरी कुणी धरतच नाही.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर पुरा करते. भाताच्या रोप लावणीला दिवसभर कमरेत वाकून, प्लास्टिकची खोळ पांघरून चिखलात उभं राहतं कोण? बाई. भांगलण तिची, कापणीही अर्ध्याहून जास्त तिची. हजेरी मात्र गड्याहून कमी. समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्येच झाला. जमिनीचा उतारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, त्यामुळं शेतकरी म्हणून कागदावर तीच नाही. नुकसानभरपाई, कर्ज, अनुदान, सगळं उताऱ्यावर चालतं. न्याय्य अन्नाच्या गप्पा मारणाऱ्यांनी पाकिटावर गाईचं चित्र छापण्याआधी ही हजेरी सारखी करून दाखवावी.

एवढं करून पीक हाती लागेल याची खात्री नाही, कारण आमचं पहिलं गिऱ्हाईक गवीरेडा. भीमगडचं जंगल एका बाजूला, दांडेलीचं दुसऱ्या बाजूला, मधे आमची शेतं. ऑक्टोबरात भात पोटरीतून बाहेर आलं की कळप उतरतात. राखणीला माळ्यावर दोघं तरी लागतात. बॅटरी, पत्र्याचे डबे, फटाके. शेताभोवती जुन्या साड्या बांधतो, गुलाबी, हिरव्या, जरीच्यासुद्धा. माणसाचा वास आणि हलता रंग बघून रानडुकरं काही दिवस बिचकतात, मग सरावतात. गवा खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. सकाळी जाऊन बघावं तर चिखलात वीतभर खोल खूर, त्यात पाणी साठलेलं आणि कणसं त्या पाण्यात. भरपाईचा अर्ज करता येतो. पंचनामा, फोटो, उतारा, पासबुक, सगळं जोडून अर्ज दिला तरी मिळणारी रक्कम झालेल्या नुकसानीला पुरत नाही आणि येते तेव्हा पुढची पेरणी होऊन गेलेली असते.

मी गव्याच्या विरुद्ध नाही. जंगल आहे म्हणून पाऊस आहे, पाऊस आहे म्हणून मलप्रभा आणि म्हादई आहेत. पण जंगल राखल्याचा फायदा सगळ्या राज्याला आणि खर्च मात्र काठावरच्या चार गुंठेवाल्याला, हा हिशेब मला पटत नाही. शहरातल्या ज्या माणसाला गव्याचा फोटो आवडतो, त्यानं गव्याच्या तोंडून वाचलेला तांदूळ दोन पैसे जादा देऊन घ्यायला काय हरकत आहे?

उरलेलं भात विकायला निघतं. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. कागदावर ठीक आहे. पण खरेदी केंद्राला ओलावा सतरा टक्क्यांच्या आत लागतो आणि आमच्याकडं नोव्हेंबरातही ढग येतात. वाळवायला खळं नाही, साठवायला जागा नाही, केंद्रापर्यंत नेण्याचं भाडं वेगळं. दारात उभा असलेला व्यापारी रोख देतो, ओलं आहे म्हणून कापतो, आणि पोराची फी भरायची असते म्हणून आम्ही हो म्हणतो. ताडपत्री आणि पक्कं खळं एवढ्या दोन गोष्टी गावाला मिळाल्या तर निम्मा सौदा शेतकऱ्याच्या हातात येईल. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

विकलेलं भात मोठ्या गिरणीत जातं आणि तिथं त्याचं पॉलिश होतं. शंभर किलो भाताचा सदुसष्ट-अडुसष्ट किलो तांदूळ निघतो. तूस वेगळं, कोंडा वेगळा. कोंड्याबरोबर बी-वन जीवनसत्त्वाचा मोठा हिस्सा जातो. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान नावाच्या डच डॉक्टरनं पाहिलं की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट दिला की त्या सुधारतात. बेरीबेरी रोगाचं कोडं त्यातून सुटत गेलं, १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्याकडं आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पितात, तिच्यात हीच अक्कल आहे. भात तुसासकट भिजवून वाफवलं की कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, मग सडलं तरी बरंचसं टिकतं.

अलीकडं रेशनच्या तांदळात कारखान्यात बनवलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळू लागले. त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-ट्वेल्व्ह असतं. आमच्या गल्लीतल्या बायका सूप घेऊन बसतात आणि तेच दाणे 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून कोंबड्यांना टाकतात. ते प्लास्टिक नव्हे, हे मी किती जणींना सांगितलं. पण त्यांच्या शंकेला मी हसत नाही. आधी कोंडा काढून टाकायचा, मग कारखान्यात दाणे बनवून घालायचे आणि कशासाठी ते सांगायचंही नाही, तर माणूस संशय घेणारच. गावच्या भाताच्या गिरणीत कमी सडलेला तांदूळ अंगणवाडीला आणि शाळेच्या दुपारच्या जेवणाला गेला तर पोरांचं पोट, गावची गिरण आणि शेतकरी, तिघांचं भागेल.

भाताचं झालं, आता भाजीचं. गोव्याचं माळवं बेळगावातून जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची भरलेले टेम्पो घाट उतरतात. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला सीमा बंद झाली तेव्हा गोव्यात भाजीसाठी रांगा लागल्या आणि इकडं शिवारात कोबीवर नांगर फिरला. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत उपाशी गिऱ्हाईक आणि कुजणारा माल, दोन्ही एकाच दिवशी. १८७७ नंतर रेल्वे, महामार्ग, मोबाईल सगळं आलं, तरी हे झालं.

गोव्याच्या फ्लॅटमधल्या बाईला बिनविषारी भाजी हवी असते आणि आमच्याकडची बाई ती पिकवू शकते. मधे विश्वास कुणी द्यायचा? निर्यातीसाठी लागणारं प्रमाणपत्र महाग पडतं. पण २०११ पासून पीजीएस नावाची सरकारी पद्धत आहे. निदान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा, एकमेकांच्या शेताची तपासणी करायची, नोंदी ठेवायच्या. कुणी चोरून फवारणी केली तर शेजाऱ्यालाच आधी वास येतो, त्यामुळं ही तपासणी बाहेरच्या साहेबापेक्षा कडक होते. बदलाच्या काळात 'ग्रीन' आणि तो पुरा झाल्यावर 'ऑरगॅनिक' असा शिक्का मिळतो. कर्नाटकानं २००४ मध्येच सेंद्रिय शेतीचं धोरण केलं, केंद्रानं २०२४ च्या नोव्हेंबरात नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान २,४८१ कोटींचं मंजूर केलं. पैसा आहे. तो बाटल्यांत भरलेल्या जिवाणू खतांवर जातो की खळ्यावर आणि गटावर, यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

लोंढ्याहून रामनगर ओलांडून पुढं गेलं की जोयडा लागतं. तिथं दर जानेवारीला कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बायका डोक्यावरून टोपल्या आणतात. कोन, कणगी, कारांदे, सुरण आणि मुडली, म्हणजे जोयड्याचा तो लांबोडका अळकुडीसारखा कंद. एकेक कोन पोराएवढं. सगळं फणसाच्या, आंब्याच्या सावलीत, परसात वाढलेलं. युरियाचा दाणा त्याला ठाऊक नाही. पाऊस लांबला, भात गेलं, तरी जमिनीखाली काहीतरी राहतं, हा त्या बायकांचा विमा. मला तो मेळा आवडतो त्याचं मुख्य कारण वेगळंच आहे. तिथं भाव बाई सांगते. घासाघीस झाली तर टोपलीवर फडकं टाकते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघते. वखारीत आयुष्य गेलेल्या माझ्या आईनं हे बघायला हवं होतं.

तर वाचकहो, पुण्यात असा, बेळगावात असा नाहीतर पणजीत, एक काम करा. आमची सुगी नोव्हेंबर-डिसेंबरात असते. इमारतीतली दहा घरं एकत्र या, ओळखीतल्या एका गावाशी बोला आणि वर्षाचा तांदूळ तेव्हाच ठरवा, कमी सडलेला किंवा उकडा. निम्मे पैसे कापणीच्या आधी द्या, म्हणजे दारातल्या ट्रॉलीला नाही म्हणता येईल. तांदूळ आला की निंबाचा पाला घालून डब्यात ठेवा, कोंडा असलेला तांदूळ लवकर खवट होतो म्हणून पावसाळ्याच्या आत संपवा. आणि 'सेंद्रिय आहे का?' हे विचाराल तेव्हा त्याच दमात 'लावणीच्या बायकांना हजेरी किती दिली?' हेही विचारा.